मार्चअखेरचं लेट्यूस

29 मार्च 2019. ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी ठरलेली ही पहिली तारीख. बरोबर दोन वर्षं आधी, 29 मार्च 2017 ला, थेरेसा मे यांच्या सरकारनं संघाला रीतसर नोटीस दिली होती. नोटिशीची मुदत दोन वर्षांची, म्हणून ही तारीख आली. कायद्याच्या हिशेबात ती चोख बसत होती. शेतीच्या हिशेबात मात्र वर्षातला याहून अडचणीचा काळ शोधूनही सापडला नसता.

मार्चअखेर ब्रिटनमध्ये थंडी ओसरू लागते, पण शेतं हात देत नाहीत. हिवाळ्यातला कोबी आणि लीक संपत आलेला असतो, साठवणीतल्या बटाट्यांना कोंब फुटायला लागतात आणि नव्या हंगामाचं बी नुकतंच जमिनीत पडलेलं असतं. तिथले शेतकरी या दिवसांना 'हंग्री गॅप' म्हणतात. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीची बेगमी करतात, तशी एके काळी ब्रिटिश घरांतही लोणची, मुरांबे आणि साठवलेली कंदमुळं यांची तरतूद असे. आता ती कुणी करत नाही, कारण स्पेनहून लेट्यूस येतं.

म्हणूनच जानेवारी 2019 च्या अखेरीस ब्रिटनमधल्या मोठ्या किराणा साखळ्यांनी आणि खाद्यविक्रेत्यांनी मिळून खासदारांना एक पत्र लिहिलं. सेन्सबरीज, आस्डा, वेटरोज, मार्क्स अँड स्पेन्सर, लिडल, मॅकडोनल्ड्स अशी नेहमी एकमेकांशी स्पर्धा करणारी नावं त्यावर एकत्र होती. देशात खाल्लं जाणारं जवळजवळ एक तृतीयांश अन्न युरोपीय संघातून येतं; मार्चमध्ये तर 90 टक्के लेट्यूस, 80 टक्के टोमॅटो आणि 70 टक्के नाजूक फळं संघातून किंवा संघामार्गे येतात, असं त्यात म्हटलं होतं. ताजा भाजीपाला साठवून ठेवता येत नाही आणि शीतगृहं आधीच भरलेली आहेत, हेही त्यात होतं. करार न होता बाहेर पडलो तर काय, हा प्रश्न त्या दिवशी संसदेतून थेट स्वयंपाकघरात आला.

दोन हजार किलोमीटरची भाजी

स्पेनच्या आग्नेयेकडच्या मर्सिया प्रांतात हिवाळाभर लेट्यूसची काढणी चालू असते. पहाटेच्या गारव्यात गड्डे कापायचे, शेतातच पिशवीत भरायचे, लगेच शीतकरण करून त्यांची उष्णता काढायची आणि रीफर, म्हणजे शीतकरणाच्या, ट्रकमध्ये चढवायचे. तिथून फ्रान्स उभा ओलांडून कॅलेपर्यंतचं अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. कॅले ते डोव्हर समुद्र जेमतेम 33 किलोमीटर रुंद आहे; फेरीला दीड तास लागतो, समुद्राखालच्या बोगद्यातून आगगाडीला पस्तीस मिनिटं. शेतातून कापलेलं लेट्यूस तीन-चार दिवसांत ब्रिटनमधल्या दुकानाच्या रॅकवर असतं आणि त्यानंतर त्याच्याकडे थोडेच दिवस उरतात.

या साखळीत गोदाम जवळपास नाहीच. रस्त्यावरचा ट्रक हेच गोदाम. दुकानानं आज संध्याकाळी विक्रीचा आकडा पाहायचा, रात्री मागणी नोंदवायची आणि माल वाटेवर धरायचा. ही पद्धत स्वस्त पडते, कारण माल पडून राहत नाही. पण ती चालते एकाच अटीवर: ट्रक वाटेत थांबता कामा नये.

1 जानेवारी 1993 पासून तो थांबतच नव्हता. त्या दिवशी युरोपची एकल बाजारपेठ सुरू झाली आणि सदस्य देशांमधल्या मालावरचे कस्टम्सचे कागद गेले. नाशिकचा टोमॅटो दिल्लीला जावा तितक्या सहज मर्सियाचं लेट्यूस मँचेस्टरला जाऊ लागलं. मुंबईच्या वेशीवर, मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर लागणाऱ्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नाका उठल्यानं काय बदलतं हे वेगळं सांगायला नको. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि त्या रांगा संपल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्रिटननं उलट दिशेचा प्रवास सुरू केला होता.

डोव्हर बंदरातून गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत मालट्रक ये-जा करतात. प्रत्येक ट्रकला तपासणीसाठी फक्त दोन मिनिटं जास्त लागली, तर सतरा मैलांची, म्हणजे सत्तावीस किलोमीटरची रांग लागेल, असा बंदराचा स्वतःचा अंदाज होता. ब्रेक्झिटच्या, म्हणजे या बाहेर पडण्याच्या, वादातले सगळे मोठे शब्द बाजूला ठेवले तर अन्नाचा प्रश्न या दोन मिनिटांशी येऊन थांबतो.

भाकरीची जुनी भीती

ब्रिटिश माणूस या प्रश्नानं इतका का हलला, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. 1846 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी परदेशी धान्यावर जबर शुल्क लावणारे 'कॉर्न लॉज' रद्द करून घेतले. कारखान्यांतल्या मजुरांना स्वस्त पाव मिळावा म्हणून देशानं आपल्या शेतकऱ्याचं कुंपण काढलं आणि पुढे गहू, मांस, लोणी जगभरातून येऊ लागलं. याची किंमत महायुद्धांत कळली. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवू लागल्या आणि 8 जानेवारी 1940 ला रेशनिंग सुरू झालं. ते 4 जुलै 1954 पर्यंत, म्हणजे युद्ध संपून नऊ वर्षं होईपर्यंत टिकलं. युद्धकाळात कधीही रेशनवर न आलेला पाव युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये रेशनवर आला. आजच्या ब्रिटनमधल्या आज्यांनी लहानपणी रेशनची पुस्तकं हाताळलेली आहेत.

1 जानेवारी 1973 ला ब्रिटन युरोपच्या समान बाजारपेठेत गेला, तेव्हा पुरवठ्याची दिशाच फिरली. न्यूझीलंडचं लोणी आणि मटण मागे पडलं, हॉलंडचा टोमॅटो, स्पेनची संत्री पुढे आली. बाहेर पडायचं की राहायचं हा वाद म्हणजे ही दिशा पुन्हा फिरवायची का, हाही वाद होता.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या युक्तिवादात तथ्य होतं. युरोपीय संघ बाहेरच्या जगातून येणाऱ्या अन्नावर चांगलंच शुल्क लावतो. दूध, मांस, साखर यांवर ते विशेष जड आहे. बाहेर पडलो तर ते शुल्क आपण काढून टाकू आणि जगातलं सर्वांत स्वस्त अन्न विकत घेऊ, असं पॅट्रिक मिनफर्ड यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ सांगत होते. तो 1846 चाच विचार होता. शिवाय, कराराविना बाहेर पडलो तरी स्पेनच्या शेतकऱ्याला माल विकायचाच आहे. डोव्हरला आपण आपला दरवाजा अडवला नाही तर अन्न का थांबेल, असाही त्यांचा सवाल होता.

समोरच्या बाजूला लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतले अन्नधोरणाचे प्राध्यापक टिम लँग यांच्यासारखे अभ्यासक होते. शुल्क हा किमतीचा एक भाग झाला, पण अन्नाची खरी यंत्रणा नियम, तपासण्या, कामगार आणि वेळ यांवर चालते, असा त्यांचा मुद्दा होता. रोमानिया आणि बल्गेरियातून येणारे मजूर थांबले तर स्ट्रॉबेरी कोण तोडणार? अमेरिकेशी करार करताना क्लोरीनच्या पाण्यात धुतलेली कोंबडी स्वीकारावी लागेल का? संघानं ती 1997 पासून येऊ दिलेली नव्हती.

शेतकरी मधल्यामध्ये सापडले होते. शुल्क काढलं तर बाहेरचं स्वस्त मांस येऊन त्यांचा भाव पडणार आणि करार झाला नाही तर त्यांच्याच मालावर युरोप शुल्क लावणार. ब्रिटनमधल्या मेंढीच्या मांसापैकी सुमारे एक तृतीयांश निर्यात होतं आणि त्यातलं बहुतेक सगळं युरोपात जातं. वेल्सच्या डोंगरातल्या मेंढपाळाला 'स्वस्त अन्न' या शब्दांत स्वतःचं दिवाळं दिसत होतं.

सरकारची स्वतःची भीतीही कागदावर होती. 'ऑपरेशन यलोहॅमर' नावाचा दस्तऐवज सप्टेंबर 2019 मध्ये संसदेच्या दबावामुळे प्रसिद्ध झाला. कराराविना बाहेर पडल्यास डोव्हरमार्गे ट्रकची ये-जा नेहमीच्या 40 ते 60 टक्क्यांवर येऊ शकते आणि ट्रकना दीड ते अडीच दिवस थांबावं लागू शकतं, असं त्यात होतं. एकूण अन्नटंचाई होणार नाही. पण काही ताज्या पदार्थांचा पुरवठा घटेल, निवड कमी होईल, किमती वाढतील आणि गरीब घरांना त्याचा जास्त फटका बसेल, असं ते कागद सांगत होते. तोवर बाहेर पडण्याची तारीख 31 ऑक्टोबरवर गेली होती आणि तिचीही वेगळी अडचण होती: नाताळच्या मालानं शीतगृहं भरण्याचे ते दिवस. काही घरांनी तांदूळ, पास्ता, डबाबंद टोमॅटो यांची बेगमी केली. तीस दिवसांच्या सुकवलेल्या जेवणाचा 'ब्रेक्झिट बॉक्स'सुद्धा विकला जात होता.

हापूसनं शिकवलेला धडा

'तपासणी' आणि 'प्रमाणपत्र' हे शब्द कोरडे वाटतात. पण रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांना त्यांचा अर्थ ब्रेक्झिटच्या आधीच कळला होता. 2013 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळभाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. त्यावर युरोपीय संघानं 1 मे 2014 पासून भारतीय आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्यावर बंदी घातली. निर्णय ब्रसेल्सचा, पण ब्रिटन सदस्य असल्यामुळे तो लंडनलाही तितकाच लागू. ऐन हंगामात लेस्टर आणि लंडनच्या भारतीय दुकानांतून हापूसच्या पेट्या गायब झाल्या. ब्रिटन तेव्हा वर्षाला सुमारे एक कोटी साठ लाख भारतीय आंबे आयात करत होता.

या बंदीमागे कारण होतं. फळमाशी ब्रिटनच्या काचघरांत शिरली तर तिथला टोमॅटो आणि काकडी धोक्यात येईल, असं ब्रिटिश सरकारही म्हणत होतं. मग भारतात पॅकहाउसवरची तपासणी कडक झाली, कीड मारण्यासाठी आंब्यावर उष्ण प्रक्रिया करणं आलं आणि 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बंदीच्या काळात आंब्यावरचं शुल्क पैशानंही बदललं नव्हतं. अडला तो विश्वास. तुमच्या पेटीत कीड नाही हे मी तुमच्या सांगण्यावरून मानायचं की स्वतः पेटी फोडून पाहायचं, एवढाच सवाल होता. युरोपीय संघाच्या आत सगळ्यांचे नियम एक आणि न्यायालय एक, म्हणून स्पेनच्या पेटीला कुणी हात लावत नव्हतं. बाहेर पडलेला देश परका होतो आणि परक्याची पेटी फोडली जाते.

2021: ट्रक अडला तो उलट दिशेला

अखेर 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडला. त्या वर्षाअखेरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले आणि 24 डिसेंबर 2020 ला, मुदत संपायला आठवडा उरला असताना, व्यापार करार झाला. अटी पाळणाऱ्या मालावर शुल्क नाही, कोट्याची मर्यादा नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच आठवड्यात अडलेला ट्रक कसा दिसतो, हेही देशानं पाहून घेतलं होतं. करोनाचा नवा प्रकार सापडल्यानं फ्रान्सनं 20 डिसेंबरच्या रात्रीपासून दोन दिवस सीमा बंद केली. केंट परगण्यातल्या रस्त्यांवर आणि मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर हजारो ट्रक उभे राहिले. सेन्सबरीजनं लेट्यूस, फुलकोबी, ब्रोकोली आणि लिंबूवर्गीय फळं कमी पडू शकतील असा इशारा दिला. केबिनमध्ये अडकलेल्या चालकांना ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वारात शिजवलेलं गरम जेवण शीख स्वयंसेवकांनी नेऊन दिलं. दुसऱ्यांचं अन्न वाहून नेणारी ती माणसं स्वतः मात्र भुकेली होती.

1 जानेवारीनंतर मात्र रॅक रिकामे झाले नाहीत. ब्रिटिश सरकारनं युरोपातून येणाऱ्या अन्नाची तपासणी सुरूच केली नाही. पुढे ढकलली, आणि मग वारंवार पुढे ढकलत राहिलं. दरवाजा उघडाच ठेवू म्हणणाऱ्यांचं हे म्हणणं खरं ठरलं. युरोपनं मात्र पहिल्या दिवसापासून आपले नियम लावले. त्यामुळे अडचण आली ती ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या अन्नाला.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा मासळीचा ट्रक पाहा. त्यात एकाच व्यापाऱ्याचा माल क्वचितच असतो. दहा-पंधरा लहान व्यापाऱ्यांच्या पेट्या एकत्र भरलेल्या असतात. आधी सगळ्यांना मिळून एक बिल पुरे व्हायचं. आता प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र, त्यावर अधिकृत तपासनिसाची सही, कस्टम्सची नोंद आणि मासा कुठे, कोणत्या बोटीनं पकडला याचा दाखला. एका पेटीचा कागद चुकला की अख्खा ट्रक थांबतो आणि बर्फातली कोळंबी वाट पाहत नाही. 18 जानेवारीला मासळी व्यापाऱ्यांनी आपले ट्रक लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या दारात नेऊन उभे केले. जिवंत शिंपल्या आणि कालवं विकणाऱ्या कित्येकांचा धंदा तर बंदच पडला, कारण ज्या दर्जाच्या पाण्यातून ती निघत, तिथला न शुद्ध केलेला माल संघाबाहेरच्या देशाकडून घ्यायचा नाही, हा युरोपचा नियम आता त्यांना लागू झाला. ब्रिटिश खाद्य उद्योगाच्या हिशेबानुसार त्या जानेवारीत संघाला होणारी खाद्यपदार्थांची आणि पेयांची निर्यात आधीच्या वर्षाच्या तुलनेत 75 टक्क्यांहून अधिक घसरली. पुढच्या महिन्यांत ती सावरू लागली, पण लहान विक्रेत्यांपैकी अनेकांनी युरोपचा नाद सोडला.

आयर्लंड बेटावर वेगळाच पेच होता. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, पण आयर्लंडशी असलेली सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा खुली ठेवणं 1998 च्या शांतता करारानंतर अत्यावश्यक मानलं गेलेलं. म्हणून तपासणीची रेषा समुद्रात ओढली गेली आणि एकाच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात सॉसेज न्यायला अडथळा आला. फेब्रुवारी 2023 च्या विंडसर करारानं त्यावर तोड काढली: उत्तर आयर्लंडमध्येच विकायच्या मालाला सोपी वाट, आणि पाकिटावर 'नॉट फॉर ईयू' असा शिक्का.

बिलात दिसणारी टंचाई

फेब्रुवारी 2023 मध्ये अखेर रॅक रिकामे दिसले. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची मिळेना. अनेक दुकानांनी माणशी तीनच नग अशी मर्यादा घातली. यात ब्रेक्झिटचा वाटा किती, यावर पुन्हा वाद पेटला. स्पेन आणि मोरोक्कोतली थंडी आणि खराब हवामान हे मुख्य कारण होतं. वीज-गॅस महागल्यानं ब्रिटिश आणि डच काचघरांतली लागवडही घटली होती. पण माल कमी पडला की पुरवठादार आधी जवळच्या, कमी कटकटीच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, हेही कुणाला नाकारता आलं नाही. पर्यावरणमंत्री थेरेस कॉफी यांनी संसदेत हंगामी सलगमांची आठवण काढली, तेव्हा त्यांची थट्टा झाली. पण हंग्री गॅप लागण्याआधी ब्रिटिश शेतात खरोखर काय उरलेलं असतं, याचं ते प्रामाणिक उत्तर होतं.

मोठा परिणाम मात्र रॅकवर दिसलाच नाही. तो बिलात जमा होत गेला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी युरोपातून जास्त येणारे पदार्थ आणि इतर पदार्थ यांच्या किमती शेजारी ठेवून पाहिल्या. डिसेंबर 2019 ते मार्च 2023 या काळात अन्न सुमारे 25 टक्क्यांनी महागलं आणि त्या 25 पैकी सुमारे आठ टक्केबिंदू ब्रेक्झिटच्या अडथळ्यांमुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरासरी घराला या काळात 250 पौंडांचा भार पडला. शुल्क तर शून्यच होतं. महाग झाला तो कागद, वेळ आणि सही. श्रीमंत घराच्या खर्चात अन्नाचा वाटा छोटा असतो, गरिबाच्या घरात मोठा. त्यामुळे तोच भार गरिबाची पाठ जास्त वाकवणारा ठरला.

30 एप्रिल 2024 पासून ब्रिटननं अखेर आपल्या बाजूनंही प्रत्यक्ष तपासणी सुरू केली. डोव्हरपासून 22 मैल आत, सेव्हिंग्टनला, तिचं मोठं केंद्र आहे. डोव्हर किंवा बोगद्यातून येणाऱ्या अन्नाच्या खेपेला 145 पौंडांपर्यंत आकार बसू लागला. मोठ्या साखळीला तो हजारो पेट्यांवर वाटता येतो. इटलीहून चार प्रकारचं चीज मागवणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाला नाही.

आणि मग 19 मे 2025 ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी अन्न आणि वनस्पतींच्या आरोग्यनियमांबाबत समान चौकट उभारायचं ठरवलं. हे कागद आणि तपासण्या कमी करायच्या तर ब्रिटनला संघाचे नियम पाळत राहावं लागणार. बाहेर पडल्याचा फायदाही त्याच वर्षी दिसला: 24 जुलै 2025 ला भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. संघात असताना ब्रिटनला असा स्वतंत्र करार करताच आला नसता. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला त्याचा आनंद व्हायला हवा, पण तो एक गोष्ट विसरणार नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅटच्या अंशामुळे त्याचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले होते. शुल्क उतरलं तरी अंशाची तपासणी राहतेच, आणि माल अडतो तो तिथेच.

बाहेर पडण्याआधीची तीन वर्षं, 2016 ते 2019, ब्रिटन एकच प्रश्न विचारत राहिला: रॅक रिकामे होतील का? उत्तर बहुतांशी 'नाही' असं आलं आणि ज्यांनी दुष्काळाची भीती घातली होती ते चुकीचे ठरले. पण काहीच होणार नाही म्हणणारेही चुकले. मर्सियाचं लेट्यूस आजही मार्चअखेर डोव्हरला उतरतं, त्याच ट्रकमधून, त्याच रस्त्यानं. फरक इतकाच की त्याच्या आसपासच्या कागदांचा खर्च आता वाणसामानाच्या बिलात मिसळलेला आहे. तो वेगळा छापलेला नसतो, म्हणून दिसत नाही. आणि महिन्याच्या शेवटी ज्या घरात पैसे पुरत नाहीत, त्या घराला तो नेमका जाणवतो.